साठ गुणांची खोली

परळच्या तरुणांचा विकास किती झाला हे मोजून दोन महिन्यांत कळवावं, असं पालिकेचं पत्र आलं तेव्हा मी खिडकीत बसून कॉफी पीत होतो. लीलानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाचं आहे हो?" मी म्हटलं, "तरुण पिढीसंबंधी आहे." ती म्हणाली, "मग चुकून आलंय."

चुकून आलेलं नव्हतं. पाकिटावर माझं नाव होतं, मनमोहन विजयकर, दादर, आणि खाली 'मानद गुणवत्ता निरीक्षक'. पालिकेला मोजमापाचा अनुभव असलेले निवृत्त नागरिक हवे होते. मी अर्ज केला होता आणि लीलाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आधी घरातले पडदे मोजावे लागले असते.

माझा अनुभव साबणाच्या फेसाचा. कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मी चौतीस वर्षं काढली. काचेच्या उभ्या नळीत साबणाचं पाणी घ्यायचं, दहा वेळा हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मग उरलेला फेस मोजायचा. हलवल्या हलवल्या कुठलाही साबण छाती फुगवतो. पाच मिनिटांनी किती उरतो ते खरं. लोकांना हे काम हास्यास्पद वाटतं. आंघोळ करताना कुणी माझी आठवण काढत नाही याचं मला वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

पत्रासोबत बावीस पानांचं प्रपत्र होतं. 'युवा सेवा : कामगिरी व गुणवत्ता मापन.' लाभार्थी किती, उपक्रम कोणते, फलनिष्पत्ती काय, अशा चौकटीच चौकटी. शंभरपैकी गुण द्यायचे. शेवटच्या पानावर, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की साठापेक्षा कमी गुण मिळाल्यास केंद्राची खोली काढून घेऊन तिथे शाळांचे मोडके बेंच ठेवण्यात येतील. हे वाक्य मी तेव्हा वाचलं नाही. चष्मा कॉफीच्या वाफेनं धुरकटला होता.

पहिली भेट सोमवारी ठरली. वॉर्ड ऑफिसातले बुधाजी नावाचे क्लार्क फार अदबीचे. त्यांनी मला ओळखपत्र दिलं, पाणी दिलं, आणि मी जिना उतरेपर्यंत केंद्राला फोनही करून टाकला, "साहेब येतायत."

केंद्र म्हणजे पालिकेच्या जुन्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. दारात रांगोळी. फळ्यावर माझं नाव, फुलापानांच्या वेलबुट्टीत. आत अठरा तरुण-तरुणी हाताची घडी घालून, केस पाण्यानं चापून बसलेले. सगळं सांभाळणारी श्रेया, वय सत्तावीस-अठ्ठावीस, कंत्राटावर. तिनं मला शाल पांघरली, नारळ दिला, गुलाब दिला, आणि टाळ्या सुरू झाल्या. मला भरून आलं. कारखान्यानं मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तेही पोस्टानं.

मी वही उघडली. "तुम्ही इथे काय करता?"

पुढच्या रांगेतला एक उंच मुलगा उभा राहिला. हितेंद्र त्याचं नाव. "विकास," तो म्हणाला.

"म्हणजे नक्की काय?"

त्यानं श्रेयाकडे पाहिलं. "सर्वांगीण."

बाजूची प्रिती घाईघाईनं म्हणाली, "सर, आम्ही कॅरमपण खेळतो." कॅरमबोर्ड चकचकीत होता, पण स्ट्रायकर दिसेना. विचारलं तर म्हणाली, "धुवायला दिलाय." कशानं धुतात, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण मी अधिकाऱ्याला शोभेल अशी वहीत नोंद केली.

मग मी गुणवत्तेवर वीस मिनिटं बोललो. सतराव्या मिनिटाला हितेंद्रनं अशी जांभई दिली की मला त्याच्या अक्कलदाढा दिसल्या. मी दुखावलो, पण शाल अंगावर होती, त्यामुळे तोल राखला. निघालो तेव्हा श्रेया मागून जिन्यापर्यंत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर, रागावणार नसाल तर… शाल परत मिळेल का? आमच्याकडे एकच आहे."

मी शाल घडी करून दिली. पाहुण्याचा सत्कार झाला की शाल हळूच परत घ्यायची, ही त्या केंद्राची जुनी रीत होती हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मी फक्त नारळ घेऊन परळच्या फुटपाथवर उभा होतो.

आता माझा स्वभाव आडवा आला. अहवालात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नारळ नग एक, स्वीकारला.' बुधाजींनी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले. "साहेब, हे कशाला लिहिलंत? आता भेटवस्तू जमा करायला लागणार."

नारळ कुठून आणू? लीलानं वड्या केल्या होत्या आणि आमच्या तळमजल्यावरच्या जगदीशनं त्यातल्या निम्म्या खाल्ल्या होत्या. मी दादरच्या बाजारातून दुसरा नारळ आणला, तशाच शेंडीचा निवडून. बुधाजी म्हणाले, "हा तोच नारळ आहे असं लिहून द्या." मी म्हटलं, "हा तो नाही." "मग हा तुमचा खाजगी नारळ. तो घेऊन तुम्ही सरकारी कामाला कसे आलात?" यात चार दिवस गेले. शेवटी बुधाजींनी 'निर्णय प्रलंबित' अशी चिठ्ठी चिकटवून तो कपाटावर ठेवला. तो अजून तिथे आहे आणि त्याला कोंब आला आहे असं ऐकतो.

जगदीश हा आमच्या इमारतीचा सल्लागार. त्याला कुणी नेमलेलं नाही. "मन्या, सांगून गेलास तर सत्कारच होणार," तो म्हणाला. "न सांगता जा. दुपारी जा. टाचा न वाजवता जा." लीला म्हणाली, "पाण्याची बाटली न्या आणि भाषण करू नका."

पुढच्या बुधवारी दुपारी अडीच वाजता मी तिसरा मजला चढलो. रांगोळी नव्हती. आवाजही नव्हता. दार लोटलं आणि बघतो तर काय, अख्खं युवा केंद्र झोपलेलं.

अकरा जण सतरंज्यांवर पसरले होते. कुणी कुशीवर, कुणी डोक्याखाली दप्तर घेऊन. हितेंद्र भिंतीकडे तोंड करून. वर तीन जुने पंखे आपापल्या वेगानं फिरत होते. प्रिती एकटीच जागी होती, खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसलेली. समोर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या काचा, त्यांत ढग, आणि मधल्या मोकळ्या जागेत एक घार पंख न हलवता फिरत होती. श्रेयानं ओठांवर बोट ठेवलं.

मी संतापानं कुजबुजलो. संताप कुजबुजून व्यक्त करणं किती अवघड आहे ते करून बघा. "हा उपक्रम आहे?"

ती मला दाराशी घेऊन गेली. "सर, हितेंद्र हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. नाइट शिफ्ट. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, आजीचा टीव्ही, भावाचं बाळ. कुठे झोपणार?"

"आणि ती खिडकीतली?"

"प्रिती? तिला घरी एक मिनिट कुणी एकटं सोडत नाही. इथे येते आणि बसते."

"काय करते?"

"काही नाही. तेच करायला येते." श्रेयाच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, तुमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाहीये, मला माहितेय. म्हणून तर त्या सोमवारी सगळ्यांना उठवून बसवलं. आता साठच्या खाली आलं की इथे बेंच येणार ना?"

तेव्हा मी शेवटचं पान वाचलं.

ठरलं असं की मी एका कोपऱ्यात बसून निदान हजेरी तरी मोजावी. श्रेयानं खुर्ची दिली. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. पंख्याचा आवाज, कुणाचा तरी हलका श्वास, खाली रस्त्यावर भंगारवाल्याची लांबत गेलेली हाक. चार, पाच. निवृत्त झाल्यापासून मला धड झोप नव्हती. कारखान्यात दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची सवय, ती अंथरुणातही सुटत नव्हती. सहा. सहा का सात?

मला स्वप्न पडलं. माझ्या काचेच्या नळीत अख्खं परळ होतं. चाळी, टॉवर, हॉस्पिटलं, वाळत घातलेल्या चादरी. कुणीतरी नळी हलवून ठेवून दिली होती आणि सगळीकडे पांढरा मऊ फेस वर चढत होता, मजल्यामजल्यानं, खिडक्यांतून आत शिरत. कुणी घाबरत नव्हतं. लोक फेसावर पाठ टेकून सावकाश वर येत होते आणि मला हात करत होते. माझ्या हातात पट्टी होती, पण तिच्यावर आकडेच नव्हते, आणि त्याचं मला फार बरं वाटत होतं.

जाग आली तेव्हा पावणेपाच वाजले होते. अंगावर शाल होती, तीच. कुणीतरी पांघरली होती. हितेंद्र आपली सतरंजी गुंडाळत होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "घोरता मस्त. एका लयीत." सोमवारी मी सर होतो, बुधवारी काका झालो. अपमान वाटायला हवा होता. मी शाल घडी करून, न मागता, परत दिली.

घरी येऊन हिशेब केला तर एक्केचाळीस गुण झाले. उपक्रम शून्य, व्याख्यानं शून्य, प्रमाणपत्रं शून्य. त्या सतरंज्यांच्या जागी पाय तुटलेले बेंच दिसू लागले. जगदीश म्हणाला, "मन्या, सोप्पं आहे. उपक्रम लावून दे. मी आहे ना."

पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही त्या खोलीत जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. वेळेचं नियोजन, व्यक्तिमत्त्व विकास, मुलाखतीला कसं बसावं. रोज दुपारी अडीच ते पाच. मी स्वतः फेसावर प्रात्यक्षिक दिलं. जगदीशनं 'यशाच्या सात पायऱ्या' सांगितल्या. चौथीवर विसरला आणि उरलेल्या तीन श्रोत्यांनी सुचवाव्यात म्हणाला. प्रमाणपत्रं वाटली. मुलं भली. टाळ्या वाजवत, डोळे ताणून उघडे ठेवत. गुण चढत गेले, बावन्न, साठ, सहासष्ट. मी शीळ घालत घरी जाऊ लागलो.

शुक्रवारी गेलो तर खोलीत चौघंच. खिडकीत कुणी नव्हतं. श्रेया रजिस्टरवर हात ठेवून बसली होती.

"काका, सहासष्ट झाले ना? आता मुलं कुठून आणू?"

"हितेंद्र कुठे आहे?"

"त्याला मेमो मिळालाय. परवा ड्यूटीवर रिकामं स्ट्रेचर घेऊन लिफ्टमध्ये शिरला आणि उभ्या उभ्या झोपला. दीड तास लिफ्ट वरखाली होत होती, हा आत झोपलेला. पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल. दोन आठवडे दुपारची झोप नाही ना मिळाली त्याला."

मी खाली बसलो. चौतीस वर्षं कारखान्यातल्या पोरांना शिकवलं होतं की नळी हलवून लगेच मोजू नका. आणि इथे मीच रोज हलवत होतो, रोज लगेच मोजत होतो. मला माझी लाज वाटली, आणि ती मी श्रेयाजवळ बोलून दाखवली.

संध्याकाळी हितेंद्रच्या चाळीत गेलो. तो गॅलरीत, जिन्याच्या कडेला उकिडवा बसून पेंगत होता. आतून टीव्ही आणि बाळ दोन्ही ऐकू येत होते. "सोमवारपासून कायपण शिकवणार नाही," मी म्हटलं. "झोपायला ये."

"खरा सांगतास?" तो म्हणाला. झोपेत त्याची घरची मालवणी बाहेर आली होती.

"खरं. जगदीशलाही आणणार नाही."

मग मी प्रपत्र कोरं घेतलं आणि पहिल्यापासून भरलं. दहा दिवस, दुपारी, कोपऱ्यात बसून. प्रितीही परत आली. उपक्रम : झोप. खिडकीतून बघणे. कुणी हाक न मारणे. लाभार्थी रोज सरासरी चौदा. फलनिष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं की हितेंद्र दहा रात्री कामावर जागा राहिला. मी हॉस्पिटलात विचारून आलो होतो. हजेरी, स्वच्छता, सुरक्षितता, सगळं इमानदारीनं मोजून छप्पन्न झाले. चार कमी. त्या चार गुणांवर मी दोन दिवस बसलो होतो. मग एकोणिसाव्या पानावर एक चौकट सापडली, जी पहिल्या वेळी मी 'लागू नाही' म्हणून सोडली होती. 'निरीक्षकाने सेवा स्वतः अनुभवून द्यावयाचे गुण : पाच.' मी पाच दिले. एकसष्ट.

वॉर्ड ऑफिसातल्या मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. "मिस्टर विजयकर, सेवा तुम्ही अनुभवली म्हणजे?"

"झोपलो. दोन तास."

"तुमचं वय बासष्ट आहे. तुम्ही युवा नाही."

"निरीक्षक युवा असावा असं कुठे लिहिलंय?"

बुधाजींनी नियम उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. तसं लिहिलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ठीक. पण पाचपैकी पाच? अनुभवाचा परिणाम दिसायला हवा. पुरावा काय? घरातलं कुणी सांगेल?"

मी घरी येऊन लीलाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं ऐकलं आणि साडी बदलली.

मॅडमसमोरच्या खुर्चीत ती ताठ बसली. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "रोज जेवताना हे आमटीचं परीक्षण करतात. मीठ जास्त, चिंच कमी, आज दाट, काल पातळ. वही तेवढी ठेवत नाहीत. त्या बुधवारी मी मीठ घालायलाच विसरले होते. हे दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, छान झालीय. मला वाटलं, यांना बरं नाहीये. कपाळाला हात लावून बघितला."

बुधाजी खोकल्याच्या निमित्तानं बाहेर गेले. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग प्रपत्रावर लिहिलं, 'कौटुंबिक वातावरणात सकारात्मक बदल', आणि लीलाची सही घेतली. खोली एक वर्षासाठी राहिली.

श्रेयाला फोनवर सांगितलं. ती कुजबुजली, "काका, ओरडले असते, पण सगळे झोपलेत."

मी म्हटलं, चल लीला, चहा पिऊ. ती म्हणाली, "आधी ती खोली दाखवा."

तीन मजले ती न थांबता चढली. दारात उभी राहून तिनं सतरंज्या पाहिल्या, पंखे पाहिले, आणि तिची नजर खिडकीवर थांबली. प्रितीनं वळून पाहिलं, पाय आवरले आणि कट्ट्यावर जागा केली. "काकू, या ना."

मी मागोमाग निघालो तर लीला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

मी जिन्यावर बसलो. आत ती काय करत होती ते दिसत होतं, म्हणजे काही करत नव्हती. हात मांडीवर, मान जराशी कलती. मी आठवू लागलो की हिला असं बसलेलं मी कधी पाहिलं होतं. लग्न झालं तेव्हा घरात माझे आईवडील, दोन भाऊ आणि येणारेजाणारे. मग मुलांचे डबे, अभ्यास. मग वडिलांचं आजारपण. मग सगळे गेले, पांगले, आणि तिला वाटलं असेल की आता दुपार आपली. तेवढ्यात मी निवृत्त होऊन घरी आलो, खिडकीतली खुर्ची घेतली, आणि तिथून दर अर्ध्या तासानं तिला हाक मारू लागलो. पस्तीस वर्षांत हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. श्रेयानं चहा आणून दिला, तो तसाच हातात गार झाला.

ती सव्वा तासानं बाहेर आली. आम्ही रस्त्यावर आलो, दादरच्या दिशेनं चालू लागलो. तिचा चेहरा ऊन पडल्यासारखा उजळला होता. दोन सिग्नल मी कसाबसा गप्प राहिलो.

"कसला विचार करत होतीस एवढा वेळ?"

"सांगणार नाही," लीला म्हणाली, आणि माझ्या पुढे दोन पावलं चालत राहिली.